माहितीदार क्रमांक सात

"यात इस्लाम कुठे आहे, तेवढं सांगा." प्रबंधाच्या एकशेबाराव्या पानावर बोट ठेवून पहिले परीक्षक, ग्रंथवाले सर, म्हणाले. "पाण्यावर फुंकर मारायची आणि शेजारणीच्या तापलेल्या पोराला पाजायचं. कुठल्या ग्रंथात आहे हे? ही नुसती रूढी झाली."

"ग्रंथात नसेल, गल्लीत आहे ना," दुसऱ्या परीक्षक बाई म्हणाल्या. "लोक जगतात तो इस्लाम. गल्लीगणिक वेगळा. एकच एक इस्लाम असतो, हेच मला मान्य नाही."

समोर बसलेल्या मुलीची पाच वर्षं त्या प्रबंधात गेली होती. आज दोघांच्या सह्या झाल्या तरच तिला कॉलेजातल्या नोकरीचा अर्ज भरता येणार होता, आणि अर्जाची उद्या शेवटची तारीख. दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ म्हणतात. इथे तिसरी मुकाट्याने घाम पुसत होती. तिचे मार्गदर्शक खिडकीबाहेर बघत होते. अशा वेळी मार्गदर्शकांना खिडकी फार आवडते.

"पण बाई, ही पाणी फुंकणारी माहितीदार क्रमांक सात तुमच्याही कामाची नाही," ग्रंथवाल्या सरांनी पान उलटून वाचून दाखवलं. "काय म्हणते बघा. 'इस्लाम एकच आहे. मी किताबातलंच म्हणते, माझ्या मनाचं काही नाही.'"

बाईंनी प्रबंध स्वतःकडे ओढला. "हो, तीच तर अडचण आहे."

तासाभरात पहिल्यांदाच दोघांचं एकमत झालं. क्रमांक सात काढून टाकायची, बाकीच्या सहा पुरेत. मग लगेच सही.

मुलीला सांगायचं होतं, ती बाहेरच बसलीय, तिलाच बोलावून विचारा. पण "काढते, सर," ती म्हणाली, आणि तिला स्वतःची लाज वाटली.

सह्या झाल्या.

बाहेर बाकावर अम्मी बसली होती, मांडीवर पाण्याची बाटली. लेकीला बघून तिने बाटलीचं झाकण काढलं, ओठ हलवले, पाण्यावर हलकी फुंकर मारली आणि बाटली पुढे केली.

"पी. घसा कोरडा पडला असेल. झालं ना सगळं?"

"झालं."

"मी सांगितलेलं आहे ना त्यात? नाव घालत नाहीत म्हणालीस, नंबर असतो. माझा कितवा?"

मुलीने बाटली तोंडाला लावली. पाणी संपलं, तरी तिने ती खाली घेतली नाही.