शेरूचं पाणी

बाबांच्या कुत्र्याचं, शेरूचं, मूतखड्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा डॉक्टरांनी बजावलं, "पुन्हा खडा नको असेल तर भरपूर पाणी पाजा." तेव्हापासून, एरवी महिनोन्‌महिने फोन न करणारी भार्गवी रोज संध्याकाळी बंगळूरहून जयपूरला फोन लावून बाबांची झडती घेऊ लागली.

"शेरू आज किती पाणी प्यायला?"

"दोन लिटर."

"बोरिंगचं खारं तर नाही ना दिलं?"

"छे गं, फिल्टरचं."

"आणि शू?"

"सहादा. रंगही स्वच्छ."

"मतलब एकदम ठीक! ठेवते हं, बाबा."

शेरूला जाऊन आज तेरावा दिवस होता. पण विमा कंपनीत हयात घालवलेल्या जयंतरावांनी एकही आकडा मनाचा सांगितला नव्हता. सगळे त्यांच्या स्वतःच्या पाण्याचे नि शूचे होते.