हरकत न्हाई

शिरूरच्या वीस वर्षांच्या विकास आराखड्यात नवा रस्ता चांदभाईंच्या घरावरून जात होता. त्यांची हरकत नोंदवायला नगरपरिषदेतर्फे मी गेलो, पण सांगायचा धीरच होईना. नकाशा पिशवीतच राहिला.

"चाचा, जरा ओट्यावर टेकू का?"

"टेका की, हरकत न्हाई."

चहा पिऊन निघालो आणि हरकतीच्या रकान्यात तेवढेच दोन शब्द लिहिले.

आज चांदभाई घर वाचवायला सुनावणीला आले. अधिकाऱ्यांनी माझा कागद वाचला. "हरकत नाही, असं म्हणाला होतात?"

चांदभाईंनी माझ्याकडं पाहिलं. मी मान खाली घातली.

"म्हणलो असंन," ते म्हणाले. "हे पाव्हणं आमच्यात च्या पिऊन गेल्यात. खोटं कशाला लिवत्याल?"