फोटोतला पाचवा माणूस

"आजी, डावीकडून पाचवे. हेच ना तुमचे मिस्टर?" वृषालीनं फोटो केशरबाईसमोर फरशीवर ठेवला आणि शेजारी रेकॉर्डर.

केशरबाईनं फोटोकडं पाहिलंच नाही. ती रेकॉर्डरच्या लाल दिव्याकडं बघत होती. "पहिले थे बंद कर," ती म्हणाली.

वृषालीनं तो बंद केला. केशरबाईनं तो उचलला, उलटासुलटा केला, कानाशी धरला आणि मगच खाली ठेवला. दारात वही घेऊन येणारा माणूस काहीतरी काढून न्यायलाच येतो, हे तिचं पक्कं मत होतं. मग तो मीटरवाला असो की मतदारयादीवाला. त्यात ही पोरगी गोड बोलत होती, म्हणजे जास्तच जपायला हवं.

"तू महापालिकेची हाय का?"

"नाही आजी. राज्याचं इतिहास मंडळ आहे, तिथून आले. सुरतेचं कापड कोणाच्या हातांनी रंगलं, ते आम्ही गोळा करतोय. घरोघरचे जुने फोटो, आठवणी. पुढच्या महिन्यात मोठे करून हॉलमध्ये लावणार. इंटरनेटवरपण टाकणार. कोणीपण बघू शकेल."

"कोणीबी?"

"कोणीपण!" वृषाली आनंदानं म्हणाली.

केशरबाईनं पदर सावरला आणि आता कुठं फोटो जवळ ओढला. पांडेसऱ्याच्या मिलमध्ये रंगाच्या हौदापुढं नऊ जण उभे होते. अंगात बनियन, हात कोपरापर्यंत रंगलेले. पाचवा तेवढा हसत होता. त्याला फोटोत हसू नको म्हटलं की जास्तच हसू यायचं.

"एकच घोटाळा आहे," वृषालीनं वही उघडली. "मिलचे जुने मुकादम बाबुराव म्हणाले, हा गणपत इंगळे. त्यांनीच तुमचा पत्ता दिला, गणपतच्या घरच्या म्हणून. पण हा फोटो ताराबाई म्हणून दुसऱ्या एका कामगाराच्या घरच्या आहेत, त्यांच्या पेटीत मिळाला. त्याच्या पाठीमागं पेन्सिलीनं सगळ्यांची नावं लिहिलीत. तिथं पाचवं नाव भिवा आहे. आमच्याकडं नियम आहे, दोन ठिकाणी एकच नाव मिळालं तरच ते फोटोखाली छापायचं. आता तुम्ही सांगाल ते खरं."

स्वयंपाकघराच्या दारात नात राखी उभी होती. "आजी, बोल ने," ती म्हणाली. "आजोबाच तर..."

"तू चा टाक," केशरबाई म्हणाली. राखी आत गेली, पण गॅस पेटल्याचा आवाज आला नाही.

खरा गणपत केशरबाईच्याच गावचा. मलकापुराकडचा. मिलचं कार्ड त्याचं होतं. त्याला रंगाचा वास सोसेना म्हणून तो गावी परतला आणि जाताना कार्ड तिच्या नवऱ्याला, भिवाला देऊन गेला. तेव्हा कितीतरी जण असे दुसऱ्याच्या कार्डावर कामाला लागायचे. पुढं नवं कार्ड झालं, त्यावर नाव गणपतचं आणि तोंड भिवाचं. मिलमध्ये सव्वीस वर्षं कोणी गणपत म्हणून हाक मारली की भिवा ओ द्यायचा. झोपडपट्टी उठली तेव्हा डिंडोलीचं हे घर त्या कार्डावरच मिळालं. भिवा जाऊन अकरा वर्षं झाली होती. घराचा कागद अजून गणपतच्या नावावर होता, आणि त्या घरात मुलगा, सून, दोन नाती राहत होत्या.

केशरबाईला वाटलं, हिला सगळं माहीत आहे. माहीत असल्याशिवाय कोणी एका माणसाची दोन नावं घेऊन दारात येतं का? मंडळ कसलं, कोणीतरी घराचे कागद तपासायला धाडलेली असणार. भिवा म्हटलं की पोरं रस्त्यावर.

मग गणपत म्हणावं. सोपं होतं. तिनं तोंडही उघडलं, पण नाव बाहेर येईना. जिवंत होता तोवर पोटासाठी दुसऱ्याचं नाव वागवलं त्यानं. आता भिंतीवर मोठा होऊन हसत उभा राहील, आणि खाली पुन्हा तेच? एवढ्या वर्षांत तिला त्या कार्डाचा असा राग कधी आला नव्हता.

"आन नाव नाई भेटलं तर?" तिनं विचारलं.

"तर 'अनोळखी कामगार' असं छापतो. पण आजी, तुमचेच मिस्टर असतील तर..."

"माहा मालक ह्याच्यात नाई. थ्या दिवशी तो कामावर गेला नव्हता."

"आणि हे पाचवे?"

"मी नाई ओळखत."

वृषालीनं तिच्याकडं पाहिलं. मग दारात पुन्हा येऊन उभ्या राहिलेल्या राखीकडं पाहिलं. राखीनं मान खाली घातली. वृषालीनं वहीत दोन शब्द लिहिले आणि पेन बंद केलं.

"तुम्ही बघायला याल ना पण? गाडी पाठवते."

"गाडी नको. पत्ता सांग फक्त."

वृषालीनं पत्ता एका चिठ्ठीवर लिहून दिला. केशरबाईनं चिठ्ठीची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. वृषाली चपला घालून जिन्याशी पोचली, तेव्हा म्हातारी दारापर्यंत आली.

"ऐक व पोरी," ती हळू आवाजात म्हणाली, "तिथं एखाद्या फोटोपुढं कोणी लई वेळ उभं राह्यलं, तर त्याचं नाव लिहून घेता का तुमी?"