मोठीचा फॉर्म

“तुला आल्या, मला आल्या, आपल्या अख्ख्या गल्लीला आल्या. मेलं का कोणी कांजिण्यांनी?” मेकॅनिक म्हणाला. तीन आठवड्यांत हे तो चौथ्यांदा म्हणत होता, त्यामुळे त्यात पहिल्यासारखा जोर राहिला नव्हता.

दिवसभर फोनवर परक्या लोकांची बोलणी खाऊन बायको घरी यायची तेव्हा तिच्याकडे शब्द उरलेले नसत. तिने शाळेतून आलेले दोन फॉर्म टेबलावरून त्याच्यापुढे सरकवले. एक मोठीचा, एक धाकट्याचा. कांजिण्यांची लस टोचायला परवानगी आहे, परवानगी नाही. पुढे रिकाम्या चौकटी. उद्या शेवटचा दिवस होता.

“मोठीचं विसरलीस वाटतं?”

“विसरेन कशी?”

आतल्या खोलीत पोरं कशावरून तरी एकमेकांच्या झिंज्या ओढत होती. सोडवायला जायचं त्राण नवराबायको दोघांतही नव्हतं.

तेवढ्यात दार वाजलं.

दारात एक बाई भिंतीला हात टेकून उभी होती. चार जिने चढून तिला धाप लागली होती. लिफ्ट आठवडाभर बंद होती. मेकॅनिकला उगाचच ओशाळल्यासारखं झालं. लिफ्ट दुरुस्त करण्यावरच त्याचं पोट होतं, पण या इमारतीचं काम दुसऱ्या कंपनीकडे. दिव्याखाली अंधार, असं शेजारी तोंडावर म्हणायचे.

“तुमच्या मुलाच्या वर्गात माझी मुलगी आहे,” बाई म्हणाली. “म्हणजे होती. आहे.”

“या ना आत. पाणी देऊ?”

“नको. आधी बोलून घेते.” तिच्या हातात घड्या पडून मऊ झालेला एक कागद होता. वर्गाची यादी, नावं आणि पत्ते. काही नावांपुढे खुणा होत्या. “तिला रक्ताचा कॅन्सर झाला होता. आता बरी होतेय. औषधं अजून वर्षभर आहेत. डॉक्टर म्हणतात, शाळेत पाठवा, फक्त तिला कांजिण्या होता कामा नयेत. तिला स्वतःला ही लस आत्ता चालत नाही. म्हणून बाकीच्या मुलांनी घेतली तर.”

वाक्य तिथेच थांबलं. पुढचं ती पहिल्या काही घरांत बोलली असावी. आता गाळत होती.

मेकॅनिकने घसा साफ केला. “ताई, तुमचं पटतंय हो. पण आमच्या मोठीला मागे एकदा लस टोचली आणि ताप चढून आकडी आली. हातपाय ताठ, डोळे पांढरे. तिला उचलून मी पळत सुटलो होतो. डॉक्टर म्हणाले, तापाने होतं असं मुलांना, म्हणून पुढची लस थांबवू नका. त्यांचं काय जातं सांगायला?”

बाई आता वाद घालेल म्हणून तो तयारीत उभा राहिला.

“चप्पल घातली होतीत?” तिने विचारलं.

“काय?”

“पळालात तेव्हा.”

त्याने आठवून पाहिलं. “एका पायात होती.”

“माझ्या दोन्ही पायांत होत्या. पण वेगवेगळ्या,” ती म्हणाली. “तीन दिवसांनी लक्षात आलं. नर्सने दाखवलं तेव्हा.”

“आम्ही विचार करतो,” तो म्हणाला.

“करा. फक्त कधीपर्यंत करणार तेवढं सांगा. ती रोज विचारते, मग मला काहीतरी सांगावं लागतं.”

“तापाचं औषध घरात आहे,” मागून बायकोचा बसका आवाज आला. ती नवऱ्याकडे बघत होती. “मी दोन दिवस रजा टाकते. उशाशी बसून राहीन.”

मेकॅनिक टेबलाशी गेला. उभ्या उभ्याच त्याने पेन उचललं. धाकट्याच्या फॉर्मवर खूण करून त्याने सही केली. दुसरा फॉर्म पुढे ओढला आणि पेन तसंच हवेत राहिलं. मोठीचं नाव बायकोने आधीच भरून ठेवलं होतं, वळणदार अक्षरात.

बाईच्या ते लक्षात आलं. “मोठीचं राहू दे हवं तर,” ती हळूच म्हणाली. “वर्गात धाकटाच आहे.”

आत मोठी कशाला तरी खदाखदा हसली. मेकॅनिकने आतल्या खोलीच्या दाराकडे पाहिलं.

“एकाच पलंगावर झोपतात दोघं,” तो म्हणाला. त्याने पेन ‘परवानगी आहे’च्या चौकटीवर टेकवलं. खूण चौकटीच्या बाहेर गेली. त्याने ती पुन्हा नीट गिरवली आणि खाली सही केली.

बाईने यादीतल्या नावापुढे बरोबरची खूण केली. आभार मानायचं तिला सुचलं नाही.

“झाली का सगळी घरं?” बायकोने विचारलं.

“अजून अकरा.” तिने दाराजवळच्या स्टुलाकडे पाहिलं. “दोन मिनिटं टेकू?”

ती बसली, भिंतीला डोकं लावलं, आणि बायको पाणी घेऊन येईपर्यंत तिला झोप लागलीसुद्धा. पोरं धावत बाहेर आली आणि बापाचं बोट ओठांवर बघून जागच्या जागी उभी राहिली. बाईच्या मांडीवरून कागद घसरत होता. मेकॅनिकने तो अलगद काढून घेतला. पुढचं नाव शोधलं. पत्ता मागच्याच रस्त्यावरचा होता.

“किती वेळ झोपू द्यायचं?” बायकोने कुजबुजत विचारलं.

“मी परत येईपर्यंत,” तो म्हणाला, आणि दार आवाज न करता ओढून घेतलं.