तिसरी मोजणी

कार्बन-चौदाचा एकेक अणू डिटेक्टरवर आदळत होता, पण आकडा फारच सावकाश वाढत होता. अणू कमी म्हणजे नमुना जुना. मृण्मयीचा चेहरा उतरला. तिच्या वर्गमैत्रिणीला, हेमांगीला उत्खननात मिळालेला हा जळका जव मृण्मयीला मिळालेल्या जवापेक्षा चारशे वर्षांनी जुना निघत होता.

"काहीतरी चुकलंय," असं सहकाऱ्याला सांगून तिने पुन्हा मोजणी घेतली. मग तिसऱ्यांदा. वय तेच आलं.

शेवटी तिने हेमांगीला फोन लावला. "तुझाच जव जुना. तीनदा मोजला."

"माझ्यासाठी एवढा त्रास घेतलास?" हेमांगीने भारावून विचारलं.

"तुझ्यासाठी नाही गं. चूक सापडावी म्हणून," मृण्मयी बोलून गेली.

मग हेमांगी मनापासून हसली. "मग तर आता कुणीच शंका घेणार नाही!"

त्या हसण्याचा मृण्मयीला जवापेक्षाही जास्त हेवा वाटला.