कडूबाईचं खोकड

कडूबाईनं कॅमेरा कानाजवळ धरला आणि बोटाच्या पेरानं टकटक वाजवून बघितला. बाजारात मडकं घेताना वाजवतात, तसा.

"मावशी, गळका न्हाई तो," वैजीनाथ म्हणाला. "पाणी भरायचं न्हाई त्याच्यात."

"दगा तर देणार न्हाई ना? मला स्वस्तातला पायजे, पर दगा देणारा नको."

ताडकळसचा बाजार ऐन भरात होता आणि वैजीनाथच्या फोटो स्टुडिओत हे एकच गिऱ्हाईक होतं. पण असं गिऱ्हाईक त्याला बारा वर्षांत मिळालं नव्हतं. कडूबाईला शेतात एकटा बसणारा आणि कुणी नसताना आपला आपण फोटो काढणारा कॅमेरा हवा होता. फोटो खोकडाचा. तिच्या खळ्यावर रोज दिवस मावळायच्या आधी एक खोकड येऊन बसायचं आणि माणूस दिसलं की पसार व्हायचं. पुढच्या बाजाराला त्याचा फोटो तिच्या हातात पडायला हवा होता. का, ते ती सांगत नव्हती.

वैजीनाथ तिला चांगला ओळखत होता. तिच्या लेकीच्या, दैवशालाच्या लग्नाचे फोटो त्यानंच काढले होते. नवरीच्या बापानं, चंद्रभाननं, त्या दिवशी त्याला मांडवभर पळवलं होतं. कॅमेरा वर झाला की गडी पाठ फिरवून दुसरीकडं कुणाला तरी वाढायला निघायचा. तो चंद्रभान मागच्या साली वारला, आणि आता त्याची बायको जनावरांचे फोटो काढायला निघाली होती. वैजीनाथला मनातल्या मनात गंमत वाटली.

त्यानं तिच्यापुढं तीन कॅमेरे मांडले. पहिल्याला फ्लॅश होता.

"ह्याच्यात ईज चमकती."

"मग दुसऱ्या दिशी ते येईल का? ठिवा."

दुसऱ्याला पुढं तीन कडी होती. उजेड बघून एक फिरवायचं, अंतर बघून दुसरं.

"हे कोण फिरवणार? खोकड?"

तिसरा पत्र्याचा जुना डबा कॅमेरा. एक भिंग, एक खटका. वैजीनाथ त्याच्यावरच शिकला होता.

"हा पडला तर?"

"माझ्या हातून धा बार पडलाय."

"हाच द्या."

वैजीनाथ मनात म्हणाला, बाईची पारख चोख आहे. त्यानं बारा फोटोंचा रोल भरला, कॅमेरा आठवड्याच्या बोलीनं भाड्यानं दिला आणि युक्ती समजावली. कॅमेरा खळ्याच्या खांबाला घट्ट बांधायचा. खटक्याला दोरा, दोऱ्याच्या दुसऱ्या टोकाला खाणं. खोकडानं खाणं ओढलं की खटका पडणार, फोटो निघणार. मग रोल एक घर पुढं सरकवायचा.

"मटणाचा तुकडा बांधा, मावशी. मग बघा कसं येतंय."

"छे! तसलं चालत न्हाई. गूळ-तूप लावलेली भाकर बांधते."

"खोकडाला?"

"मला ठावं हाय. पिठात पाऊल बघितलंय मी त्याचं."

"पिठात? भाकरी थापायला आलतं का काय?"

ती हसली नाही. कॅमेरा पदराखाली झाकून, तान्हं लेकरू न्यावं तसा घेऊन गेली.

आठवडाभर चहाच्या हॉटेलात वैजीनाथचीच चलती होती. "आमच्या कडूमावशीचं खोकड माळकरी हाय. गूळभाकर खायलंय," असं तो सांगायचा आणि बाकड्यावरची माणसं टाळ्या द्यायची.

पुढच्या बाजाराला कडूबाई सकाळीच आली. पिशवी रिकामीच घेऊन ती स्टुडिओच्या पायरीवर बसली, आणि वैजीनाथ आतल्या अंधाऱ्या खोलीत रोल धुवायला गेला. पहिल्या फोटोत शेळीचा कान निघाला. दुसऱ्यात कावळा. तिसऱ्यात कडूबाईचाच हात. वैजीनाथ एकटाच हसत होता. शेवटच्या फोटोत मात्र खोकड होतं, स्वच्छ, केस न् केस मोजून घ्यावा असं. फक्त पाठमोरं. दोन कान, पाठ आणि झुबकेदार शेपूट.

आणि वैजीनाथच्या ध्यानात आपली चूक आली. भाकरी तोंडात धरून खोकड पळायला वळलं, तेव्हाच दोरा ताणला गेला होता. बाईनं कॅमेरा बरोबर निवडला होता. दोरा बांधायची युक्ती त्याची होती आणि तीच फसली होती. बाहेर ती आशेनं बसली होती. आठ दिवस केलेली चेष्टा आठवून त्याला मनापासून वाईट वाटलं.

"मावशी, माफ करा," ओला फोटो तिच्या हातात देत तो म्हणाला. "फसला डाव. दुसरा रोल घालून देतो, फुकट."

कडूबाईनं फोटो उजेडाकडं धरून बघितला. मग फसकन हसली आणि हसता हसताच तिनं पदर डोळ्यांना लावला.

"ह्यांचा जीव गेला त्या जागी पीठ पसरून दिवा ठिवला व्हता, वर टोपली झाकली व्हती. सकाळी उचलली तर पिठात खोकडाचं पाऊल. पुढच्या जन्माचं पाऊल उमटतं म्हणत्यात तिथं. भावकी म्हणली, कडूबाईचा भास हाय." तिनं फोटो पुढं केला. "काचंत बसवून द्या. परवा वरीसश्राद्ध हाय. हार घालायला ह्यांचा एकबी फोटो न्हाई घरात."

वैजीनाथच्या डोळ्यांपुढं लग्नाचा मांडव उभा राहिला. तरी त्यानं अडखळत विचारलं, "पर मावशी, ह्याच्यात तोंड कुठं आलंय?"

"तोंड आलं असतं," कडूबाई म्हणाली, "तर मी म्हणले असते, हे दुसरंच कुणीतरी हाय."