सदूच्या डोक्यावर

टोपीची कड काढून झाली तरी ती टोपी वाटेना. सदूच्या डोक्यावर कुणी पातेलं पालथं घातल्यासारखं दिसत होतं. रोहिदासने बारीक ब्रश जिभेवर ओला केला, टोक काढलं आणि फोटोतल्या कपाळावर टोपीची सावली पाडली. आता बसली.

असं काही जमलं की त्याला बरं वाटायचं. ऐरोलीतल्या त्याच्या स्टुडिओत मिटलेले डोळे उघडून मिळत, देवीचे व्रण पुसून मिळत, लग्नाच्या मुली जरा उजळ होऊन मिळत. त्यात कुणाचं वाईट झालं नव्हतं. झालंच असेल तर नवऱ्या मुलांचं.

"सावली भारी काढलीस," मुकादम बाजीराव मागून वाकून म्हणाला. "वाळलं की ह्याचाच परत फोटो मार. मग कुणाच्या बापाला कळत नाय. उद्या चौकशीचा साहेब येतोय. कामावरची सेफ्टीची टोपी दिली होती एवढं दिसलं, की शेठ सुटला."

"आणि त्याची बाई?"

"तिला काय मिळनार? चूक तिच्या नवऱ्याची. गावच्या एसटीत बसवून देऊ."

मूळ फोटो रोहिदासचाच. बिल्डिंगचा खांब किती उंच झाला ते कळावं म्हणून त्याने सदूला खांबाशेजारी उभं केलं होतं, डोक्याला टॉवेल बांधलेला, तसाच. त्याच दुपारी वरून फळी निसटली आणि सदू गेला. शेठच्या सगळ्या बिल्डिंगींचे फोटो रोहिदास काढायचा. नाही कसं म्हणावं, हे ब्रश हातात घेईपर्यंत त्याला सुचलं नव्हतं, आणि ब्रश हातात आल्यावर ते आठवलं नाही.

दारातला पडदा सरकला. सदूची बायको, रखमा.

"फोटोवालं भाऊ, ह्यांचा फोटो तुमच्यापाशी हाय म्हनं. रविवारी ह्यांच्या नावानं पुण्यानुमोदन हाय. भिताडाला लावाया एक बी न्हाई बगा."

बाजीराव फोटो झाकायला पुढे झाला, पण रंग फिसकटेल म्हणून त्याचा हात अधांतरीच राहिला. तोवर ती टेबलाशी आली होती.

बराच वेळ तिने बघितलं.

"सायबावानी दिसत्यात," ती म्हणाली. "ह्योच द्या मला."

मग थोड्या वेळाने, "भाऊ, अशी टोपी व्हती, तर मग डोस्कं कसं फुटलं?"

"काढून ठेवली असंल," बाजीराव म्हणाला. "आमी देतो. तुमच्या लोकांना उकडतं."

"त्यांनी?" रखमाचा आवाज चढला नाही. "नवी चप्पल उशाला घिऊन निजनारा मानूस. फुकाट मिळाल्याली टोपी काढंल व्हय?" ती रोहिदासकडे वळली. "तुमीच उभं केलं व्हतं न्हवं त्यास्नी? तवा व्हती का डोस्क्यावर?"

रोहिदास ब्रश धुऊ लागला. वाटीतलं पाणी आधीच काळं झालं होतं.

झोपलेल्या माणसाचं पांघरूण सारखं करावं, तसं रखमाने बोट पुढे केलं. 'ओलं आहे,' हे रोहिदासच्या ओठांपर्यंत आलं. बाजीराव डोळे वटारून त्याच्याकडेच बघत होता. रोहिदासने तोंड मिटून घेतलं.

बोट सदूच्या कपाळावरून फिरलं. सावली गेली, टोपीची कड गेली, आणि खालून टॉवेलची गाठ वर आली.

रखमाने आपलं राखाडी झालेलं बोट उजेडात धरून पाहिलं. पदराचं टोक जिभेला लावून ओलं केलं, आणि शेंबड्या पोराचं तोंड पुसावं तशी ती उरलेली टोपी पुसू लागली.